‘येथे क्लिक करा’

म्हापशाच्या बसस्टँडवर संध्याकाळी पाच-साडेपाचला कधी उभे राहिला आहात? प्रत्येक बसच्या दारात एक पोरगा लोंबकळत असतो आणि घसा फोडून ओरडत असतो. "पणजी पणजी पणजी!" पलीकडचा "डिचोली, डिचोली!" त्याच्याही पलीकडे "कळंगुट!" शिवाय बसच्या कपाळावर पाटी असतेच. ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी पाटी, ज्यांना दिसत नाही किंवा वाचता येत नाही त्यांच्यासाठी हाक. त्यामुळे दोन्ही हातांत पिशव्या असल्या, डोक्यात ऑफिसच्या कटकटी असल्या, तरी माणूस बरोबर आपल्याच बसमध्ये चढतो.

आता अशी कल्पना करा की एके दिवशी स्टँडवरच्या सगळ्या बसगाड्यांवर एकच पाटी लागली आहे, "येथे चढा". आणि दारातली पोरंही तेवढंच ओरडताहेत, "हांगा चडात, हांगा चडात!" बस कुठे जाणार ते कुणीच सांगत नाही. चढा, बसा, उतराल तेव्हा कळेल!

हसलात ना? मीही हसलो असतो. पण गेली दहा-बारा वर्षं मी पगार घेऊन नेमकं हेच काम करत आलो आहे, हे मला गेल्या नोव्हेंबरात कळलं. आणि ते कळायला मला गोव्यापासून पार बालाघाटपर्यंत जावं लागलं.

सांगतो.

मी सरकारी कारकून. हुद्दा यूडीसी. शिक्षण बी. ए., विषय मराठी. संगणकाशी माझा संबंध टायपिंगपुरता. पण 'याला मराठी टाईप करता येतं' या एकाच गुणावर आमच्या खात्याच्या वेबसाईटचं काम माझ्या गळ्यात पडलं. वेबसाईट बांधणारे तज्ज्ञ वेगळे. माझं काम एवढंच, की नवीन परिपत्रक निघालं, जाहीर सूचना आली, अर्जाचा नमुना बदलला, की ती फाईल वर चढवायची आणि तिच्यासाठी एक ओळ लिहायची. ओळ ठरलेली. "अर्जाचा नमुना डाऊनलोड करण्यासाठी येथे क्लिक करा." त्यातले 'येथे क्लिक करा' हे तीन शब्द निळे करायचे. झालं काम, चला चहाला. (खात्याचं नाव विचारू नका. अजून अकरा वर्षं नोकरी काढायची आहे.)

माझी थोरली चुलत बहीण बालाघाटला दिली आहे. आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. बालाघाट म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना मराठवाड्यातली डोंगररांग आठवते. ही ती नव्हे. हा मध्य प्रदेशातला जिल्हा, वैनगंगेच्या काठचा. खाली गोंदिया आणि भंडारा लागून. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तोवर हा सगळा मुलूख एकाच राज्यात होता आणि राजधानी नागपूर होती. मग विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. कागदावर रेघ ओढली गेली, पण माणसं, सोयरिकी आणि भाषा रेघेच्या दोन्ही बाजूंना राहिल्या. म्हणून आजही त्या बाजूला मराठी बोलणारी घरं आहेत. त्यांच्या मराठीत हिंदीचा आणि गोंदिया-भंडाऱ्याकडच्या बोलीचा वास येतो, पण मराठी ती मराठीच.

ताईचं लग्न जमलं ते खाणींमुळे. भावोजींचे वडील काही वर्षं आपल्या सांगे तालुक्यात रिवणच्या बाजूला मँगनीजच्या खाणीवर होते. तिथे काकांची नि त्यांची ओळख झाली. पुढे ती मंडळी परत गेली, भावोजी बालाघाटजवळच्या भरवेलीच्या मँगनीज खाणीत टाईम ऑफिसला लागले, आणि आमची ताई मांडवीच्या काठावरून वैनगंगेच्या काठावर गेली. आता भावोजी सत्तरी ओलांडलेले. मधुमेहाने गेल्या सात-आठ वर्षांत त्यांची नजर जवळजवळ पूर्ण गेली. उजेड-अंधार कळतो, अक्षर दिसत नाही.

काका गेल्यानंतर घराच्या कागदपत्रांसाठी ताईला एक प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं. योगायोगाने आमच्याच खात्यात. मी फोनवर ऐटीत सांगितलं, "ताई, आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. नमुना आमच्या वेबसाईटवर आहे. डाऊनलोड करा, भरा, सही करून पोस्टाने पाठवा. गोव्याला यायची गरजच नाही!"

महिन्या-दीड महिन्याने अर्ज आला आणि आला तसा परत गेला. शेरा, 'विहित नमुन्यात नाही'. ताईने जुना, रद्द झालेला नमुना भरून पाठवला होता. परत पाठवणारा मी नव्हे, पलीकडच्या टेबलावरचा सहकारी. त्याचंही चुकलं नाही. पण मी काय केलं? मी ताईला फोन लावला आणि म्हणालो, "अगं, नवा नमुना वर टाकलाय ना? तुम्ही नीट बघत का नाही?"

ताई काही बोलली नाही. "बरं" म्हणाली. मग मी नवा नमुना व्हॉट्सॲपवर पाठवून दिला, दुसऱ्या खेपेला काम झालं. मधले चार महिने गेले ते गेले. मी विसरूनही गेलो.

नोव्हेंबरात रजा काढून बालाघाटला गेलो. कोकण रेल्वेने मुंबई, तिथून विदर्भ एक्स्प्रेसने शेवटचं स्टेशन गोंदिया, आणि गोंदियाहून पुढे चाळीसेक किलोमीटर. भावोजींच्या आठवणीतली छोटी लाईन आता राहिलेली नाही, मोठी लाईन आली आहे. मी सोलां आणि काजूगर घेऊन गेलो होतो. ताईने चिन्नोर तांदळाचा भात केला. बालाघाटच्या या सुवासिक तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हे तिने अशा थाटात सांगितलं जसं आपण मानकुराद आंब्याबद्दल सांगतो. सोलांची कढी आणि चिन्नोर भात! असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

जेवणं झाल्यावर भावोजी व्हरांड्यात बसले होते. हातात स्मार्टफोन. हा फोन पडद्यावरचं वाचून दाखवतो. डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी अँड्रॉइडमध्ये 'टॉकबॅक' नावाची सोय असते, ती त्यांनी पुतण्याकडून चालू करून घेतली होती आणि तीत ते तरबेज झाले होते. वर्तमानपत्र ऐकतात, आकाशवाणी ऐकतात, गाड्यांचं वेळापत्रक ऐकतात.

"ये, बस," ते म्हणाले. "तुझी वेबसाईट ऐकवतो."

मी खूष होऊन बसलो. त्यांनी बोट पडद्यावरून उजवीकडे सरकवलं. फोन म्हणाला, "येथे क्लिक करा, लिंक." पुन्हा सरकवलं. "येथे क्लिक करा, लिंक." पुन्हा. "येथे क्लिक करा, लिंक." मग एक "अधिक वाचा, लिंक." मग परत "येथे क्लिक करा, लिंक."

मी मोजत होतो. अकरा वेळा. त्याच सपाट आवाजात. अकरा बसगाड्या ओळीने उभ्या, आणि प्रत्येकीच्या दारातला पोरगा "हांगा चडात" ओरडतोय.

"असं का होतं?" मी विचारलं. खरोखरच मला माहीत नव्हतं. तेव्हा त्यांनी समजावलं. तुम्ही-आम्ही पान उघडलं की आधी वरून खालपर्यंत नजर फिरवतो, जिथे काम आहे तिथे थांबतो. ज्यांना दिसत नाही त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं ऐकत बसायचं म्हटलं तर दिवस पुरणार नाही. म्हणून ते फोनला सांगतात, मधला मजकूर सोड, मला फक्त दुवे ऐकव. एका दुव्यावरून दुसऱ्यावर उडी. हीच त्यांची नजर फिरवण्याची रीत. आणि त्या रीतीने ऐकलं की माझ्या ओळीतला 'अर्जाचा नमुना' हा भाग गळून पडतो आणि हातात उरतं ते नुसतं 'येथे क्लिक करा'.

"मग तुम्ही तो नमुना शोधला कसा?"

"पहिल्या दिवशी एकेक उघडून पाहिलं. काहींत इंग्रजी पत्रं निघाली. एकात कुठल्यातरी निविदेची जाहिरात. एक उघडलंच नाही. दुसऱ्या दिवशी सातव्यावर टॅप केलं. सातवंच का, ते विचारू नको. सातवं बरोबर वाटलं." ते हसले. "त्यात प्रतिज्ञापत्र निघालं. मला वाटलं, जिंकलो. नव्याच्या खाली जुनंही ठेवलंय, हे मला कसं कळणार?"

"शेजारच्या कुणाला दाखवायचं होतं."

"घरच्या वाट्याची गोष्ट रे. शेजारच्या पोराला काय दाखवायची? तुझ्या ताईची नजरही आता मोबाईलवर ठरत नाही. आणि तुला परत परत फोन करायचा तर तू ऑफिसात. संकोच वाटला."

'तुम्ही नीट बघत का नाही' हे माझंच वाक्य त्या व्हरांड्यात माझ्या कानात वाजत राहिलं. भावोजींनी ते ऐकलं होतं की नाही, ठाऊक नाही. ताईने नक्कीच ऐकलं होतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी काही बोललो नाही.

थोड्या वेळाने भावोजी म्हणाले, "आमच्या टाईम ऑफिसात रजिस्टरमध्ये नोंद पुढच्या पानावर न्यायची झाली, तर 'पुढे पाहा' लिहून चालत नसे. 'पान ४२ पाहा' असं लिहावं लागे. तू पण कारकूनच ना रे?"

हे वर्मी बसलं. कारण आमच्या धंद्यात हे शास्त्र पहिल्या महिन्यात शिकवतात. सरकारी फाइलीला दोन अंगं असतात. एका बाजूला टिपणी, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार. टिपणीत आम्ही लिहितो, 'पृष्ठ १७/सी वरील पत्र कृपया पाहावे'. शिवाय त्या पानाला चिठी टाचून वर 'फ्लॅग ए' लिहितो. साहेबांनी फाईल उघडली, टिपणी वाचली, की बोट थेट पृष्ठ १७ वर. टिपणीत कुणी 'येथे पाहावे' असं लिहिलं असतं तर फाईल तोंडावर आली असती. म्हणजे दुवा कसा द्यायचा हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून येत होतं! कागदावर साहेबांसाठी मी तो अचूक देत होतो. पडद्यावर जनतेसाठी मात्र 'येथे क्लिक करा'. संगणक दिसला की आपली जुनी अक्कल बाहेर बाकावर ठेवून आत जायची, असं आपण का करतो कोण जाणे.

गोव्याला परतल्यावर मी या विषयावर जे मिळेल ते वाचलं. तेव्हा लक्षात आलं की मी काही नवा शोध लावलेला नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत जो प्रस्ताव मांडला, त्याचा गाभाच मुळी दुवा हा होता. हजारो माणसांची कागदपत्रं एकमेकांना जोडायची, म्हणजे माहिती हरवणार नाही. एका कारकुनाला कळेल असंच दुखणं होतं ते! वेबचे नियम ठरवणारी जी संस्था त्यांनी पुढे स्थापन केली, तिने 'येथे क्लिक करा' असं लिहू नका, हे २००१ सालीच सांगून ठेवलं होतं. याच संस्थेच्या २००८ सालच्या सुगम्यतेच्या नियमांत, दुवा कुठे नेतो ते कळलं पाहिजे, ही अट अगदी खालच्या, म्हणजे किमान पायरीवर आहे. आपल्या केंद्र सरकारनेही सरकारी वेबसाईटसाठी २००९ साली मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली.

यातली एक गंमत सांगतो. ती किमान अट अशी आहे की दुव्याचा अर्थ त्याच्या शब्दांवरून किंवा आजूबाजूच्या वाक्यावरून कळला तरी चालेल. माझ्या वाक्यात आधी 'अर्जाचा नमुना' हे शब्द होतेच. म्हणजे कागदोपत्री मी पास! फक्त दुव्याच्या शब्दांवरूनच अर्थ कळला पाहिजे, ही अट त्याच नियमांत सर्वात वरच्या पायरीवर ठेवली आहे, आणि ती सहसा कुणी सक्तीची करत नाही. नियमाने पास, आणि बालाघाटच्या व्हरांड्यात नापास. सरकारी नोकरीत असा निकाल मी पुष्कळदा पाहिला आहे, पण एरवी तो दुसऱ्यांचा असतो.

मग मी दुरुस्तीला बसलो. पहिली अडचण आली ती आमच्या साहेबांकडून, आणि ती खोटी नव्हती. ते म्हणाले, "लोकांना 'येथे क्लिक करा'ची सवय झालीय. ते शब्द काढले तर इथे क्लिक करायचं असतं हे त्यांना कळणार कसं?"

मी म्हटलं, "सर, बसवर 'चढा' असं लिहावं लागतं का? ती बससारखी दिसली की पुरे."

साहेब हसले आणि "करा मग" म्हणाले. पण प्रश्न खराच होता. दुवा दुव्यासारखा दिसायला हवा. १९९३ च्या मोझॅक ब्राऊझरपासून निळी आणि अधोरेखित अक्षरं म्हणजे दुवा, अशी जगभर ओळख रुजली. एकदा उघडून पाहिलेला दुवा जांभळा. या दोन रंगांत केवढी सोय आहे! ताईने त्या पानावर अकरातले कुठले दुवे उघडून झाले आणि कुठले राहिले हे रंगावरून ओळखलं असतं. पण आमच्या पानावर शोभेसाठी दोन्ही रंग एकच केलेले. शिवाय अधोरेखन काढून टाकलेलं, नुसता रंग ठेवलेला. ज्यांना रंगांतला फरक नीट कळत नाही, त्यांनी काय करायचं? रंगांधळेपणा बायकांपेक्षा पुरुषांत पुष्कळ जास्त असतो. आमच्या खात्यातच असा एक शिपाई आहे.

याच्या उलट चूकही मीच केली होती. आम्हा कारकुनांना टाईपरायटरच्या काळापासून सवय, 'विषय' म्हटलं की खाली रेघ, महत्त्वाचं वाक्य आलं की खाली रेघ. ती सवय मी वेबवर नेली. म्हणजे जिथे दुवा आहे तिथे रेघ नाही, आणि जिथे रेघ आहे तिथे दुवा नाही. लोक बिचारे 'अंतिम तारीख' या शब्दांवर टॅप करत बसत असतील.

देवनागरीचा प्रश्न तर निराळाच. रोमन अक्षरं ओळीवर उभी असतात, त्यामुळे खालची रेघ त्यांना सहसा नडत नाही. आपली अक्षरं वरच्या शिरोरेषेला टांगलेली आणि उकार खाली लोंबणारे. जुन्या ब्राऊझरांत अधोरेखन नेमकं उकारांच्या पोटातून जायचं. 'सुर' की 'सूर', देव की गाणं, काही कळायचं नाही! अलीकडचे ब्राऊझर उकार आला की रेघ तोडतात. त्याने अक्षर वाचतं, पण रेघ पडलेल्या दातांसारखी दिसते. यावर उपाय साधा आहे. रेघ थोडी खाली सरकवायची आणि बारीक ठेवायची. आमच्या तज्ज्ञ मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं." त्याचं तरी काय चुकलं? तो पानाची मांडणी इंग्रजीत करतो, मराठी मजकूर त्यात मागाहून ओतला जातो.

आणि मग आली विभक्ती. इथे मात्र माझी बी. ए. कामाला आली. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. 'अर्जासाठी', 'नमुन्यात', 'परिपत्रकाचा'. दुवा द्यायचा तर निळा रंग कुठे थांबवायचा? 'अर्जा' निळं आणि 'साठी' काळं, असे अर्धवट रंगवलेले शब्द मी पाहिले आहेत, धोतराचा सोगा एकीकडून रंगात बुडल्यासारखे. पुष्कळ डोकं खाजवल्यावर उत्तर मिळालं ते पुन्हा बसस्टँडवर. बसच्या पाटीवर 'पणजीला' नसतं, 'पणजी' असतं. पाटी नेहमी प्रथमेत! मी नियम करून टाकला की दुवा प्रथमेत लिहायचा. 'प्रतिज्ञापत्राच्या नमुन्यासाठी येथे क्लिक करा' हे गेलं आणि 'प्रतिज्ञापत्राचा नमुना' एवढंच राहिलं. वाक्य लहान झालं, अर्थ मोठा झाला, आणि क्रियापदाची गरजच संपली.

पाटीवर मुक्कामाचं नाव आलं की मग बाकीचं आपोआप सुचतं. बस जलद आहे की सगळे स्टॉप घेणारी, हे आपण विचारतो ना? तसं दुव्याच्या शेजारी लिहायचं, की ही पीडीएफ आहे, पानं किती, आकार केवढा, मराठीत की इंग्रजीत. ज्याचा नेटपॅक संपत आलाय त्याला हे फार मोलाचं. दुवा आपल्या साईटच्या बाहेर नेत असेल तर तेही सांगायचं. दोन दुवे इतके जवळ नकोत की बोट एकावर ठेवलं आणि उघडला दुसरा. २०२३ च्या नव्या सुगम्यता नियमांत बोट टेकण्याच्या जागेचं किमान मापसुद्धा दिलंय, लांबी-रुंदी २४ पिक्सेल. आणि ती सरकणारी पट्टी! सरकारी वेबसाईटवर उजवीकडून डावीकडे धावणाऱ्या त्या 'नवीन सूचना'. चालत्या बसमध्ये उडी मारून चढायला आपण पोरांना मना करतो, आणि सत्तरीच्या माणसाला चालत्या दुव्यावर बोट टेकवायला लावतो. पट्टी थांबवली. लुकलुकणारं 'नवीन'ही विझवलं.

सर्वात वेळ खाल्ला तो मेलेल्या दुव्यांनी. साईट मध्यंतरी नव्या ठिकाणी हलवली होती, तेव्हा कितीतरी पत्ते बदलले आणि जुन्यांवर कुणी पाटी लावली नाही. हे दुखणं जगभरचं आहे. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली दाखवून दिलं की २०१३ मध्ये वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी सापडेनाशी झाली होती. बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच लिहून ठेवलं होतं की चांगले पत्ते बदलत नसतात, माणसं ते बदलतात. या बाबतीत मला मराठी विकिपीडियाचं कौतुक वाटतं. तिथे न लिहिलेल्या लेखाचा दुवा लाल दिसतो. रस्ता अजून झालेला नाही, हे आधीच सांगतात. आमच्याकडे रस्ता खचला तरी पाटी निळीच.

हे सगळं करायला मला दोन महिने लागले, रोजची कामं सांभाळून. शेवटी एका रविवारी बालाघाटला फोन लावला आणि भावोजींना म्हटलं, "जरा ऐकून सांगता का?"

त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला, ताईच्या फोनवर साईट उघडली. मला इकडे पर्वरीत ऐकू येत होतं. "प्रतिज्ञापत्राचा नवीन नमुना, पीडीएफ, दोन पाने, लिंक." मग "शुल्काचा तक्ता, पीडीएफ, एक पान, लिंक." मग "जुने नमुने, आता चालत नाहीत, लिंक." भावोजी काही न बोलता पुढे पुढे जात होते. पूर्वी त्यांनी दोन दिवस शोधलं होतं, आता त्यांना मिनिटही लागलं नाही.

"पाट्या लागल्या म्हणायच्या," ते म्हणाले. "पण आठवा उघडत नाही."

मी पाहिलं. खरंच उघडत नव्हता.

मग मी ताईला बोलवायला सांगितलं. व्हरांड्यात जे बोलायचं राहिलं होतं ते बोललो. म्हटलं, "ताई, त्या वेळी मी तुला म्हणालो होतो, नीट बघत का नाही. चुकलं माझं."

मराठीत लिंकला आपण दुवा म्हणतो. दुवा म्हणजे सांधणारा, आणि दुवा म्हणजे आशीर्वादही. हा योगायोग मला फार आवडतो, आणि ताईशी बोलताना तो मनात येऊन गेला. पण ती असलं काही बोलणारी नव्हे. ती हसली आणि म्हणाली, "जाऊ दे रे. तेव्हा तुला तरी कुठे दिसत होतं!"

आठवा दुवा मी सोमवारी ऑफिस उघडल्या उघडल्या दुरुस्त केला.